गारदी, कंपू आणि विनोबांचा सैनिक

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना उभारली. या ‘सेने’तून त्यांनी शस्त्र काढून टाकले, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पगारासाठी भरती होणारा शिपाईही तिथे नव्हता. आम्हांला हा दुसरा भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. पैशासाठी लढणाऱ्याची निष्ठा नेमकी कोठे असते?

मराठ्यांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. फ्रेंच कवायतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अखेरपर्यंत झुंजला, पकडला गेला आणि मारला गेला. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराचे निमित्त करून शनिवारवाड्यात घुसलेल्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. लोकांच्या स्मरणात उरला तो हा दुसरा गारदी.

खरी कसोटी लागली १८०३ साली. महादजी शिंद्यांनी सावोयच्या द बॉयनकडून कवायती कंपू उभारून घेतले होते. त्यांच्या पगारासाठी दोआबातला मुलूख लावून दिला होता. इंग्रजांशी युद्ध जुंपताच द बॉयनचा वारस पेराँ स्वतःची मालमत्ता सांभाळत शत्रूच्या आश्रयाला गेला. गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकारीही निघून गेले. मागे राहिले हिंदुस्थानी शिपाई, आणि तेही पगारीच! १ नोव्हेंबर रोजी लासवारीला ते आपल्या तोफा न सोडता लढले. त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द लेकने दिली. पेराँला आणि या शिपायांना ‘भाडोत्री’ हा एकच शब्द लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

आंतरराष्ट्रीय कायदा मात्र दोघांनाही भाडोत्री मानणार नाही. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यातील ४७ व्या कलमानुसार सहा अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि लढणाऱ्या पक्षाच्या सैन्यात अधिकृतपणे दाखल नसणे ही त्यांतली एक. म्हणजे करारावर सही करून गणवेश चढवला की माणूस व्याख्येबाहेर! नोकरीच्या आमिषाने रशियाला नेलेल्या भारतीय तरुणांचे असेच झाले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने त्यांना पाठवणाऱ्या दलालांचे जाळे उघड केले. मदतनीसाचे काम म्हणून गेलेल्यांच्या हाती तिथे बंदुका आल्या. काही परतले, काही युक्रेनच्या आघाडीवर मेले.