फाल्गुन-चैत्रातील दोन वारे : ठाणे-कल्याणच्या हवामान-इतिहासाचे एक प्रकरण

ऋतूंच्या परंपरागत गणनेत चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने होत. संस्कृत काव्यात या ऋतूला मलयानिलाची आणि आम्रमंजरीची जी शोभा लाभली आहे, तिचा अनुभव उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर फारसा येत नाही. येथे होळी जळली की थंडी पळते आणि उन्हाळ्यास आरंभ होतो. मधला ऋतू जणू नसतोच. तथापि फाल्गुनाच्या उत्तरार्धापासून चैत्राच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे सामान्यतः मार्च महिन्याचा, काळ या भूभागाच्या इतिहासात स्वतंत्र महत्त्वाचा आहे. या दिवसांत पूर्वेकडील जमिनीवरून येणारा मतलई वारा व पश्चिमेकडील समुद्रावरून येणारा खारा वारा यांची दररोज झुंज होते. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील दिवस कसा जाणार, हे त्या झुंजीच्या निकालावर, विशेषतः तो निकाल किती वाजता लागतो यावर, अवलंबून असते. या घटकेचे ज्ञान कोणास होते, ते कोठे नोंदले गेले आणि कोठे नोंदले गेले नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम भूगोल लक्षात घेणे अवश्य आहे. कल्याण हे समुद्रकाठचे बंदर नव्हे. ते उल्हास नदीच्या काठी, भरतीचे पाणी जेथवर चढते तेथे वसलेले खाडीचे बंदर आहे. ठाणे साष्टी बेटाच्या पूर्व कडेला खाडीवर आहे. त्याच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर आणि खाडीपलीकडे पारसिकची रांग आहे. डोंबिवली या रांगेच्याही पूर्वेस पडते. समुद्रावरून निघालेल्या वाऱ्याला ही सर्व भूमी ओलांडून यावे लागते. म्हणून कुलाब्याच्या टोकास जो वारा सकाळी उशिरा जाणवू लागतो, तो कल्याणास पोहोचेपर्यंत दुपार कलू लागते.

शिडाच्या जहाजांच्या काळात या विलंबाला व्यापारी अर्थ होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. थोरल्या सरगनस राजाच्या काळी ते अधिकृत बाजारपेठ होते, परंतु पुढे तेथील व्यापारास अडथळा झाला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो ग्रंथकार सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांतही कल्याणच्या रहिवाशांची व व्यापाऱ्यांची नावे आढळतात. त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी याच्या सांगण्याप्रमाणे भारतातून परतणारी जहाजे डिसेंबरात, किंवा उशिरात उशिरा जानेवारीच्या मध्यापूर्वी, निघत असत. याचा अर्थ असा की, फाल्गुन लागेपर्यंत ईशान्य मोसमी वाऱ्यावर चालणारी दूरची वाहतूक आटोपलेली असे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होण्यास अद्याप दोन-अडीच महिने असत. मधल्या काळात समुद्र शांत राही, आणि मोठा वारा नसल्याने किनाऱ्यालगतच्या लहान गलबतांना हेच दोन स्थानिक वारे उपयोगी पडत. पहाटेच्या मतलईवर व ओहोटीवर खाडीतून बाहेर पडावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर व भरतीवर परत चढावे, ही रीत येथील भूरचनेनेच आखून दिलेली आहे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण व अष्टमीच्या सुमाराचे भांग यांची सांगड या वाऱ्यांच्या वेळेशी घालणे, हे तांडेलाचे खरे कौशल्य होते.

या ज्ञानाची परंपरा शब्दांत टिकून आहे. ‘मोसम’ हा अरबी ‘मौसिम’ होय. त्याच शब्दापासून पोर्तुगीजांमार्फत युरोपीय भाषांतील पावसाळी वाऱ्यांचे नाव तयार झाले. ‘तुफान’ही अरबी आहे. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नौकेचा स्वामी, याचे रूपांतर आहे. ‘मतलई’ या शब्दाचा संबंध अरबी ‘मत्ला’, म्हणजे उदयस्थान, याच्याशी जोडणे सयुक्तिक वाटते. कारण या किनाऱ्यावर जमिनीचा वारा सूर्य उगवतो त्याच दिशेने येतो. दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला आलेला अरब प्रवासी मसूदी ठाणे व सोपारा या बंदरांचीही नोंद करतो. तेव्हा या शब्दांना येथे येण्याचा मार्ग कोणता, हे सांगण्याची गरज राहत नाही. उलट ‘खारा वारा’, ‘भरती’, ‘ओहोटी’ हे शब्द घरचे आहेत. दूरच्या प्रवासाचा शब्दसंग्रह बहुतांशी परका आणि खाडीचा शब्दसंग्रह बहुतांशी देशी, अशी ही वाटणी बोधक आहे. मतलई या नियमास अपवाद ठरते, आणि त्यावरून खाडीचा तांडेल व दर्यावर्दी नाखवा यांच्यातील देवघेव दिसून येते.

मिठागरांचा इतिहास हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. संस्कृत ‘आकर’, प्राकृत ‘आगर’ व त्यावरून ‘आगरी’ ही परंपरा सुविदित आहे. भांडुप, मुलुंड, ठाणे, भाईंदर या पट्ट्यात उधाणाचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हावर व वाऱ्यावर मीठ पिकविले जाई. फाल्गुन-चैत्र हा त्या पिकाचा ऐन हंगाम. कोरडी मतलई आगरी माणसास हितकर; अंगाची लाही झाली तरी वाफ्यात मीठ धरते. त्याच्या मनात भय असते ते अवकाळी पावसाचे. एका सरीने कित्येक दिवसांचे मीठ विरघळून जाते. एकच वारा कोळ्यास बाहेर नेणारा, आगऱ्यास मीठ देणारा आणि शहरवासीयास होरपळणारा असतो. तेव्हा ‘हवामान चांगले’ या शब्दांचा अर्थ ते कोण उच्चारतो यावर ठरतो.

राजकीय इतिहासातही या महिन्यांचा प्रभाव दिसतो. पावसाळ्यापूर्वी मोहीम आटोपणे हा या किनाऱ्यावरील युद्धाचा नियम होता. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, आणि चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे वसई शरण आली ती १७३९ च्या मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर.

शास्त्रीय नोंदींचा काळ त्यानंतरचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाबा येथे वेधशाळा स्थापिली आणि १८४१ पासून तेथे हवामानाची व भूचुंबकत्वाची नियमित निरीक्षणे होऊ लागली. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ व त्यानंतरचे दुष्काळ यांच्या अनुभवातून १८७५ मध्ये भारतीय हवामानखाते जन्मास आले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली भूचुंबकीय कार्य अलिबागेस हलविण्यात आले. चुंबकसूचीला उपद्रव होऊ नये एवढ्यासाठी वेधशाळेचा एक भाग खाडीपार नेला गेला, ही दक्षता प्रशंसनीयच होय. परंतु हवामानाच्या नोंदी मात्र तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कुलाब्याच्या भूशिरावरच होत राहिल्या, आणि ‘मुंबईचे हवामान’ म्हणजे दीर्घकाळ त्या टोकाचे हवामान ठरले. पहिली आगगाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये ठाण्यास आली व १८५४ च्या मेमध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तापमापकाने मात्र तो प्रवास फार उशिरा केला.

या अंतराचे मोल सांताक्रूझ येथील नोंदींवरून कळते. २८ मार्च १९५६ रोजी तेथील कमाल तापमान ४१.७ अंश सेल्सिअसपर्यंत गेले. मार्च महिन्यातील तेथील हा उच्चांक होय. अशा दिवसांचे कारण एकच असते. दख्खनच्या तापलेल्या पठारावरून सह्याद्री उतरून येणारा पूर्वेचा वारा खाली येताना अधिक तापतो व कोरडा होतो. तो जोरदार असला की खाऱ्या वाऱ्यास दुपारपर्यंत आत शिरू देत नाही, आणि तेवढ्या तीन-चार तासांत पारा चढून बसतो. ज्या दिवशी खारा वारा वेळेवर सुटतो, त्या दिवशी तोच मार्च सुसह्य असतो. सांताक्रूझची ही कथा, तर पारसिकच्या पूर्वेकडील डोंबिवली-कल्याणची काय असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

आज साधने पुष्कळ वाढली आहेत. हवामानखाते २०१६ पासून उन्हाळी हंगामाचा आगाऊ अंदाज देते. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था लाटा, वारे व मासळीची संभाव्य क्षेत्रे कळविते. मार्चमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ जवळजवळ उद्भवतच नाही, म्हणून लगतच्या समुद्राविषयीचा अंदाज बहुधा निर्धास्त करणारा असतो. जमिनीवरची गोष्ट वेगळी आहे. उष्णतेची लाट ठरविताना मैदानी ठाण्यास किमान ४० अंश व किनारी ठाण्यास ३७ अंश तापमानाची अट आहे, आणि त्याखेरीज ते सरासरीहून साडेचार अंशांनी तरी अधिक असावे लागते. आता कल्याण किनारी म्हणावे की मैदानी? सकाळी ते दख्खनचे असते आणि सायंकाळी कोकणचे. डोंबिवलीहून मुंबईस नोकरीला जाणारा मनुष्य एकाच दिवसात दोन हवामानांतून जातो, पण त्याच्या हाती पडणारा अंदाज पुष्कळदा एकाच नावाचा असतो. वृद्ध, रस्त्यावरचे विक्रेते, बांधकामावरील मजूर यांच्या दृष्टीने हा भेद केवळ सोयीचा नसून प्रकृतीचा आहे.

वरील विवेचनावरून एवढे स्पष्ट व्हावे की, ठाणे-कल्याणच्या वसंतारंभाचा खरा अंदाज कमाल तापमानाच्या आकड्याहून खारा वारा येण्याच्या घटकेत अधिक आहे. यंत्रे येण्यापूर्वी त्या घटकेची दखल कोळी व आगरी यांनी घेतली व आपल्या बोलीत साठविली. मिठागरे ओस पडत आहेत, शिडे तर केव्हाच उतरली आहेत. त्यांच्याबरोबर वाऱ्यांची नावेही जात आहेत. चेंदणी कोळीवाड्यापासून कल्याणच्या खाडीपर्यंत ही नावे, त्यांच्या दिशा व त्यांच्या वेळा यांसह संकलित केली, आणि तो संग्रह आता उपलब्ध होत असलेल्या स्वयंचलित नोंदींशी ताडून पाहिला, तर भाषेचा अभ्यासक व हवामानाचा अभ्यासक या दोघांचेही काम होईल. हे संकलन जितके लांबेल तितके ते सांगणारे थोडे उरतील.