पितळेचे मोल, नोंदवहीचे मोल

मुळशी तालुक्यातील भरे या गावी जमिनीची चौकशी केली, तर उत्तर गुंठ्याच्या भावात मिळते. शहर पश्चिमेकडे सरकत गेले तसा हा शब्द तिथल्या रोजच्या बोलण्यात रुळला. मात्र आजच्या गुंठ्याचे माप एका मोजणीच्या साधनावर बसवलेले आहे, याचे स्मरण फारसे कोणाला नसते. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून मुंबई इलाख्यातील नव्या जमीन-मोजणीस प्रारंभ केला. या मोजणीत ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली साखळी रूढ झाली. तिच्या लांबीइतक्या बाजूचा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे ४० गुंठे मिळून एक एकर. इंग्रज गणितज्ञ एडमंड गंटर याने सतराव्या शतकात रूढ केलेल्या ६६ फुटी साखळीची ही बरोबर निम्मी.

अशी एक गंजलेली साखळी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात पाहिली. ती लोखंडाच्या भावाने विकायला ठेवली होती. शेजारच्याच फडक्यावर पितळी होकायंत्र होते आणि त्याची किंमत विक्रेता हजारांत सांगत होता. जिने सबंध इलाख्याचा सातबारा घडवला तिला भंगाराचा भाव, आणि चकाकणाऱ्या पितळेला मान, हा प्रकार आम्हांस विचारात पाडणारा वाटला.

जुन्या मापनयंत्रांची किंमत ठरवण्याचे संग्राहकांचे काही संकेत आहेत. यंत्रावर कारागिराचे वा पेढीचे नाव आणि क्रमांक कोरलेला आहे काय. मूळ पेटी, भिंगे, वजने जागेवर आहेत काय. एखादा भाग मागाहून बदललेला आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. पितळेवरचा जुना लाखेचा थर शाबूत असणे महत्त्वाचे. हौसेने घासूनपुसून चकचकीत केलेले यंत्र जाणकाराच्या लेखी उतरते. नकली वस्तू ओळखण्याची खूण तर फारच बोलकी आहे. शोभेसाठी केलेल्या प्रतिकृतीवर लंडनचे नाव आणि एकोणिसाव्या शतकातले साल ठळक कोरलेले असते, परंतु तिच्या अंशपट्टीवरील रेषा असमान आणि उथळ असतात. तिने काही मोजताच येत नाही.

हे सर्व संकेत आम्हांस मान्य आहेत. तरीही त्यांत एक उणीव राहते. या यंत्राने काय मोजले, कोणी मोजले आणि ते कुठे लिहून ठेवले, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. आमच्या मते तो आरंभीच विचारला पाहिजे. डब्लिनच्या ग्रब घराण्याची दोन यंत्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

पहिले मुंबईचे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापिली आणि १८४१ मध्ये तेथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, तर केरो लक्ष्मण छत्रे यांची उमेदवारी तिथेच झाली. टॉमस ग्रब यांनी घडवलेल्या चुंबकमापकावरील वाचने तिथे नियमाने डोळ्यांनी घेतली जात आणि हाताने लिहिली जात. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले, तेव्हाही ही वाचने चालू होती. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखीना आणि अलेक्स या शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता मांडली. क्षैतिज चुंबकीय घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता! १४४ वर्षांनी वहीने साक्ष दिली. ती वही नसती, तर यंत्र कितीही जपले असते तरी मुकेच राहिले असते.

या परंपरेची जाण असलेले वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणजे नानाभाई मूस. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि निरीक्षणे बिघडणार हे दिसताच चुंबकीय विभाग अलिबागेस हलवण्यात आला. १९०४ ते १९०६ या काळात मूस यांनी दोन्ही ठिकाणी समांतर वाचने चालू ठेवली, म्हणून नोंदींचा धागा तुटला नाही.

दुसरे यंत्र पुण्याचे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीमुळे येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. टॉमस यांचे पुत्र हॉवर्ड ग्रब यांची दुर्बीण तिथे आली. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी ही वेधशाळा चालवली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि यंत्रे कोडाईकॅनालला गेली. दुर्बीण पुढे 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली गेली. दात्याचे नाव टिकले. जिने तिला डोळा लावला त्या गावाचे आणि माणसाचे नाव मागे पडले.

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, गतकालीन विज्ञानाची साक्ष देणाऱ्या वस्तूंचाही समावेश होतो. त्यांची खासगी निर्यात कायद्याने करता येत नाही. परंतु महाविद्यालयाच्या मागच्या दाराने भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढणाऱ्या वस्तूला हा कायदा कसा अडवणार?

हे आम्ही परक्यांविषयी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या निर्लेखन समितीवर मराठी विभागाचे प्रतिनिधी म्हणून आम्ही बसलो होतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील काचपेटीतला तराजू, जुना वायुभारमापक आणि एक थिओडोलाइट 'निरुपयोगी' या शेऱ्यानिशी यादीत होते. आम्ही सह्या केल्या. वस्तू किलोवर गेल्या. जुन्या जडसंग्रह नोंदवह्या त्याच दिवशी रद्दीत गेल्या, आणि त्याकडे तर कोणाचेच लक्ष गेले नाही. हस्तलिखिताचे एक पान गहाळ झाले तर हळहळणाऱ्या आम्हा भाषेच्या शिक्षकांना त्या वह्या दस्तऐवज वाटल्या नाहीत, याची खंत आजही आहे.

पाठचिकित्सा शिकवताना आपण पोथीची परंपरा तपासतो: ती कोणी लिहिली, कोणाकडून कोणाकडे गेली, समासात काय टिपले. यंत्राचीही अशीच परंपरा असते. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी त्या वस्तूसोबत तिची खरेदीची नोंद, प्रयोगवही आणि वापरणाऱ्यांची नावे जपली आहेत काय, एवढे आपण विचारू शकतो. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. भरे गावातला गुंठा आजही ३३ फुटी चौरसाचाच आहे. साखळी मात्र आम्हांला फडक्यावर, लोखंडाच्या भावात भेटली.