सभागृहातली खुर्ची आणि तिजोरीची किल्ली

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. 1972 साली दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु हे नाते आपण बहुतांशी कवितेपुरते आणि मोर्चापुरते जपले. मोर्चा पांगल्यावर, आपला माणूस निवडून गेल्यावर पुढे काय होते, हा रूक्ष वाटणारा इतिहास आपण फारसा वाचला नाही. म्हणून टेनेसी राज्यातील मेम्फिस शहर आणि तेथील ली हॅरिस यांची कारकीर्द येथे तपासायची आहे.

प्रथम 1968 सालाकडे जावे लागते. 1 फेब्रुवारीला पावसापासून बचावासाठी कचऱ्याच्या गाडीत शिरलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. 12 फेब्रुवारीला सुमारे 1,300 कामगार, जवळजवळ सगळे काळे, संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर एकच वाक्य होते : मी माणूस आहे. महापौर हेन्री लोब यांनी त्यांच्या युनियनला मान्यता नाकारली. 4 एप्रिलला याच शहरात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, आणि त्यानंतर 16 एप्रिलला तडजोड झाली. माणूसपण मागणारे रस्त्यावर होते. ते नाकारणारी सही महापौराच्या टेबलावर होती. हे विसरून चालणार नाही.

ली हॅरिस हे मेम्फिस विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक. 2011 साली ते शहराच्या परिषदेवर निवडून आले. या परिषदेने 2013 साली नेथन बेडफर्ड फॉरेस्टच्या नावाच्या उद्यानाचे नाव बदलले. फॉरेस्ट हा गुलामांचा व्यापारी, गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती आणि कू क्लक्स क्लॅनचा पहिला प्रमुख. त्याचा पुतळा 1905 पासून तेथे उभा होता. राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी असे पुतळे हलविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला.

2014 साली हॅरिस राज्याच्या सिनेटमध्ये गेले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते झाले. नेते कितीजणांचे? 33 जणांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे अवघे 5. पद मोठे, बोलण्याची मुभा पुरेपूर. ठराव मात्र दुसऱ्यांचेच मंजूर व्हायचे. डिसेंबर 2017 मध्ये शहराने उद्यानच एका खाजगी संस्थेला 1,000 डॉलरला विकले आणि त्याच रात्री पुतळा उतरला. रागावलेल्या विधिमंडळाने पुढच्या एप्रिलमध्ये मेम्फिसच्या द्विशताब्दीसाठीचे 2,50,000 डॉलर कापले. पुतळा उतरला तो स्थानिक सत्तेमुळे, सिनेटमधल्या भाषणांनी नव्हे.

ऑगस्ट 2018 मध्ये हॅरिस शेल्बी काउंटीचे महापौर म्हणून निवडून आले. 2022 मध्ये पुन्हा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा. मात्र आपला जिल्हा परिषद अध्यक्ष सदस्यांनी निवडलेला असतो आणि कारभाराची बरीचशी सूत्रे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असतात. तेथे महापौराला जनता थेट निवडते, अंदाजपत्रक तो मांडतो, नकाराधिकारही त्याचाच. सिनेटमधून जिल्ह्यात येणे ही वरकरणी उतरण वाटते. प्रत्यक्षात ती पैशाच्या जवळ जाण्याची वाट होती.

2019 साली ते दिसले. हॅरिस ज्या विद्यापीठात शिकवत होते, त्याच्याच जलतरण तलावाला काउंटीने दहा लाख डॉलर द्यायचे ठरवले होते. विद्यापीठ आपल्या सर्व कामगारांना तासाला 15 डॉलर देत नाही, म्हणून महापौरांनी हा खर्च नाकारला. संघराज्याचे किमान वेतन 2009 पासून 7.25 डॉलर; टेनेसीचे स्वतःचे किमान वेतन नाही, आणि खाजगी मालकांवर जास्त वेतनाची सक्ती करण्याची मुभा स्थानिक संस्थांना राज्याने ठेवलेली नाही. म्हणजे महापौराला मजुरी वाढवण्याचा कायदा करता येत नव्हता. कमी मजुरी देणाऱ्याला सार्वजनिक पैसा नाकारणे एवढेच त्यांच्या हाती होते. तोही नकार 13 जणांचे काउंटी मंडळ फिरवू शकते.

यातून हॅरिस यांना उद्धारक ठरवण्याचे कारण नाही. एका सहीने गरिबी हटत नाही, आणि त्या सहीवर विधिमंडळाचे कुंपण असते. पण 1968 साली ज्या शहरात महापौराची सही कामगाराविरुद्ध होती, तेथे अर्ध्या शतकानंतर जिल्ह्याच्या महापौराची सही झाडूवाल्याच्या मजुरीचा हिशेब विचारू लागली. हा फरक सभागृहातल्या खुर्च्या मोजून कळणार नाही.

1992 च्या घटनादुरुस्तीपासून आपल्याकडेही सरपंचपदापासून जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत राखीव जागा आल्या. आपले किती निवडून आले, हे आपण मोजतो. निवडून आलेल्याच्या हातात कोणती सही आहे, ती कोणाच्या धाकाखाली होते, आणि ती फिरवली गेली तर त्याच्या पाठीशी रस्त्यावर कोण उभे राहणार, हे कधी मोजणार? मेम्फिसच्या सफाई कामगारांनी सही मिळण्याआधी संघटना बांधली होती. आपल्या कार्यकर्त्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.