लॅपटॉपवर गाणं करताना आवाज का फुटतो? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे तपासा

रात्री हेडफोन लावून तुम्ही गाणं करायला बसलात. ढोलकी, बास, हार्मोनियम, सगळं नीट वाजतंय. आठव्या ट्रॅकवर रिव्हर्बचा प्लगइन टाकला आणि आवाजात कट-कट सुरू झाली. माइकसमोर गायलात, तर स्वतःचाच आवाज कानात उशिरा येतोय. 'आता नवा लॅपटॉप घ्यावाच लागणार,' हा विचार लगेच मनात येतो. पण थांबा. बऱ्याचदा गडबड एका सेटिंगची असते. त्याचं नाव बफर साइझ.

बफर म्हणजे नेमकं काय?

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग. एका सेकंदासाठी साधारण ४४,१०० आकडे लागतात, त्यांना सॅम्पल म्हणतात. लॅपटॉप हे सॅम्पल एकेक करून नाही, तर गठ्ठ्याने तयार करतो. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर.

बफर १२८ असेल, तर दर २.९ मिलिसेकंदांत सगळ्या ट्रॅकचं आणि सगळ्या प्लगइनचं गणित संपवावं लागतं. ते वेळेत झालं नाही की आवाजात खंड पडतो. तीच ही कट-कट.

बफर १०२४ केला, तर लॅपटॉपला २३ मिलिसेकंद मिळतात. कट-कट थांबते, पण आवाजही तेवढा मागे पडतो. हवेतून एक मीटर जायला आवाजाला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे स्पीकर जवळजवळ आठ मीटर लांब ठेवून गाण्यासारखंच हे झालं. शिवाय आवाज आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा बफर लागतो. त्यामुळे प्रत्यक्षातला उशीर याहून जास्त असतो.

मग किती ठेवायचा?

- गाताना किंवा कीबोर्ड वाजवताना: ६४ किंवा १२८
- मिक्सिंग करताना: ५१२ किंवा १०२४

काम बदललं की बफर बदला. इतकं साधं आहे.

विंडोजवर ड्रायव्हर बघा

विंडोजचा नेहमीचा ऑडिओ ड्रायव्हर गाणी ऐकायला ठीक आहे, रेकॉर्डिंगसाठी नाही. त्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली एएसआयओ ही पद्धत वापरतात. ऑडिओ इंटरफेस असेल, तर त्याच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका. इंटरफेस नसेल, तर 'एएसआयओ फोर ऑल' हा मोफत ड्रायव्हर वापरून बघा. मॅकमध्ये 'कोअर ऑडिओ' आधीपासूनच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

टास्क मॅनेजर ४० टक्के दाखवतो, तरी आवाज का फुटतो?

कारण एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन सहसा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात. पुढच्या प्लगइनला आधीच्याचं उत्तर हवं असतं. तो एक कोअर दमला, की बाकीचे रिकामे असूनही उपयोग नाही. यावर दोन उपाय आहेत:

- फ्रीझ करा. काम संपलेला ट्रॅक फ्रीझ केला की सॉफ्टवेअर त्याची ऑडिओ फाइल बनवतं आणि प्लगइनचा भार उतरतो. बदल करायचा असेल, तर अनफ्रीझ करता येतो.
- रिव्हर्ब एकच ठेवा. दहा ट्रॅकवर दहा रिव्हर्ब लावण्यापेक्षा एका बसवर एक लावा आणि सगळ्या ट्रॅकमधून त्याला सेंड द्या.

या गोष्टीही तपासा

- चार्जर लावूनच काम करा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग कमी करतात.
- रेकॉर्डिंगला ब्लूटूथ हेडफोन नको. त्यातला उशीर बफर कमी करूनही जात नाही.
- वायफाय बंद करून बघा. काही लॅपटॉपमध्ये त्याचा ड्रायव्हरच मध्ये अडथळा आणतो.
- इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' बटण असेल, तर गाताना ते चालू करा. तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो.

नवा लॅपटॉप खरंच कधी लागतो?

बफर १०२४ आहे, जड ट्रॅक फ्रीझ केलेत, तरी आवाज फुटतोय, तर प्रोसेसर खरंच कमी पडतोय. मोठ्या सॅम्पल लायब्ररी उघडताना लॅपटॉप अडत असेल, तर आधी रॅम आणि एसएसडी वाढवता येते का ते विचारा. ते झालं नाही, तरच नव्या लॅपटॉपचा विचार करा. नाहीतर त्याच पैशांत चांगला माइक आणि इंटरफेस येतो, आणि त्याचा फरक गाण्यात लगेच ऐकू येतो.