कर्मनाशेच्या वरच्या अंगाला

काशीत येणाऱ्या मराठी माणसाला गंगा ठाऊक असते, वरुणा आणि असी यांची नावे ठाऊक असतात. कर्मनाशा मात्र सहसा ठाऊक नसते. त्रिशंकूच्या कथेने ही नदी बदनाम झाली. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की सारे पुण्य जाते, अशी समजूत होती आणि काशीहून गयेस जाणाऱ्या यात्रेकरूंना ती ओलांडावीच लागे. ही अडचण नाना फडणविसांनी मनावर घेतली आणि नदीवर दगडी पूल बांधण्यास हात घातला. पात्रातील वाळूत पाया धरेना आणि काम अर्धवट राहिले. पुढे १८३० च्या सुमारास काशीचे राजा पटनीमल यांनी ते तडीस नेले. जेम्स प्रिन्सेप यांचाही त्यात हात होता. पुण्याच्या कारभाऱ्याचा कर्मनाशेशी संबंध आला तो असा, न पेललेल्या पायाच्या निमित्ताने.

या लेखाचा विषय पूल नव्हे. याच नदीच्या वरच्या अंगाला, विंध्याच्या कुशीत, चकिया आणि नौगढ भागात जी धरणे आहेत त्यांचा आहे. हा प्रदेश १९९७ पर्यंत वाराणसी जिल्ह्यात होता. आज तो चंदौली जिल्ह्यात मोडतो. उत्तर प्रदेशाचे ‘धान का कटोरा’ म्हणून चंदौलीची ख्याती आहे आणि ती बऱ्याच अंशी या जलाशयांवर उभी आहे. कर्मनाशेवर वर नौगढ, त्याच्या खाली मूसाखांड आणि त्याखाली लतीफशाहचा जुना बंधारा. शेजारच्या खोऱ्यात चंद्रप्रभा. नौगढ आणि मूसाखांड ही स्वातंत्र्यानंतरची. दोन्ही मातीच्या भरावाची. नौगढचे सोडलेले पाणी मूसाखांडमध्ये येते, मूसाखांडचे लतीफशाहवर. सिंचनाच्या नकाशावर ही रचना फार सोयीची दिसते. पुण्याची माहिती असलेल्या माणसाला मात्र ती पाहून पानशेत आणि खडकवासला आठवल्यावाचून राहत नाही.

पानशेतची हकीगत बहुतेक मराठी घरांत सांगितली जाते. पण ती पुराची गोष्ट म्हणून सांगितली जाते, निर्णयाची म्हणून नव्हे. आंबी नदीवरील या मातीच्या धरणाचे काम १९५७ मध्ये सुरू झाले. ते १९६२ च्या पावसाळ्यापूर्वी पुरे व्हावयाचे होते. प्रत्यक्षात १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवले गेले, आणि तेही विमोचकाचे, म्हणजे भरावाखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या बोगद्याचे, काम अपुरे असताना. त्याची द्वारे नीट हलवता येत नव्हती. पाण्याचा प्रवाह धक्के देत वाहू लागला, विमोचकाला तडे गेले आणि त्यावरची माती खचू लागली. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचत होते. १२ जुलैच्या सकाळी धरण गेले. खालचे खडकवासल्याचे दगडी धरण एकोणिसाव्या शतकातले. ते काही तास टिकले आणि मग फुटले. नदीकाठच्या पेठांना पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही. मृतांच्या संख्येबद्दल आजही एकमत नाही. चौकशीसाठी प्रथम न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला; त्यांच्या निधनानंतर ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले.

अभियंत्याच्या दृष्टीने पानशेत हा विमोचकाचा अपघात आहे. प्रशासकाच्या दृष्टीने मला त्यात दुसराच प्रश्न दिसतो : ‘यंदा पाणी अडवू नका’ असे म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता, आणि तसे म्हणणाऱ्याचे पुढे काय झाले असते?

मातीचे धरण बहुधा न सांगता जात नाही. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. त्यात गैर काही नाही. पाझराचे पाणी स्वच्छ आहे तोवर चिंता कमी. ते गढूळ झाले की समजावे, पाण्याबरोबर धरणाची मातीही निघाली आहे. आतल्या आत बारीक नळी तयार होते, ती जलाशयाकडे सरकत जाते, आणि एकदा ती जलाशयाला भिडली की उरलेले काम काही तासांचे असते. दुसरा धोका सांडवा अपुरा पडण्याचा. दगडी धरणावरून थोडा वेळ पाणी गेले तरी ते उभे राहू शकते. मातीच्या भरावाला ते सहन होत नाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू-२ धरणाचे मातीचे बांध याच कारणाने वाहून गेले आणि मोरबी शहर बुडाले. सांडवा ज्या पुरासाठी बांधला होता, त्याच्या कितीतरी पट पाणी आले होते.

वाराणसीतील वास्तव्यात पावसाळ्यापूर्वीच्या एका पाहणीस मी गेलो होतो. त्या धरणाचे नाव येथे देत नाही. भरावाच्या खालच्या उतारावर बाभळी आणि झुडपे माजली होती. झाड दिसायला निरुपद्रवी असते. ते वाळले की त्याच्या कुजलेल्या मुळांतून पाण्याला आयती वाट मिळते. पायथ्याची चर गाळाने बुजली होती, त्यामुळे पाझर किती आणि कसा हे मोजण्याची सोयच उरली नव्हती. तरीही नोंदवहीत ‘स्थिती सामान्य’ असा शेरा वर्षानुवर्षे एकाच वळणाच्या अक्षरात होता. माहिती खरी सांगितली ती धरणावरच्या वृद्ध चौकीदाराने. कोणत्या कोपऱ्यात कार्तिकापर्यंत ओल राहते हे त्याला पाठ होते. त्याच्याकडून ते कोणी लिहून घेतले नव्हते, इतकेच.

पातळी उतरवण्याचा प्रश्न येथे पुण्याहून अधिक अवघड आहे. भाताला शेवटचे पाणी पावसाळा सरल्यावर लागते. जलाशय सप्टेंबरमध्ये काठोकाठ हवा, ही शेतकऱ्याची मागणी रास्तच असते. सुरक्षिततेसाठी दोन हात पाणी कमी ठेवावे असे अभियंत्याला वाटले, तर त्याला उत्तर द्यावे लागते ते ज्याचे शेत वाळले त्याला. न फुटलेल्या धरणाबद्दल कोणी आभार मानीत नाही. पाणी देणारे खाते आणि धोका मोजणारे खाते एकच असेल तर तराजू कोणीकडे झुकणार हे उघड आहे. महाराष्ट्राने नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना निराळी ठेवली, यामागचे शहाणपण हेच असावे.

धरण सुरक्षा अधिनियम २०२१ साली संमत होऊन त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरपासून अमलात आला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी, नोंदवही, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष तपासणी, पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती योजना, आणि कसूर केल्यास कारावासही : सारे कागदावर आहे. पंधरा मीटरहून उंच धरणे त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरची काही अटींवर येतात. त्याहून लहान तलाव राज्यांच्या भरवशावर राहिले. कायद्यापूर्वी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसे गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधी केली होती. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरले, यावर बरीच थट्टा झाली. खेकडे भराव पोखरतात हे खरेच आहे. म्हणूनच तर पाहणी असते.

कर्मनाशेच्या बाबतीत एक गोष्ट कृती योजनेत आवर्जून पाहिली पाहिजे. ही नदी चकियाच्या खाली उतरल्यावर उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्या सीमेवरून वाहते आणि चौसा येथे गंगेला मिळते. मूसाखांडवरून रात्री दोन वाजता निघालेला इशारा चंदौलीच्या नियंत्रण कक्षात येईल. तेथून तो कैमूरच्या गावांत कोण पोहोचवणार, कोणत्या क्रमांकावरून आणि कोणाच्या सहीची वाट न पाहता, हे दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून लिहून ठेवावयाचे आहे.