वाफेचा बंदोबस्त : प्रयोगशाळेतील शीतशुष्कन यंत्राची वाटचाल

रक्तद्रव, जिवाणू किंवा प्रथिनांचे द्रावण उष्णतेने वाळवले, तर त्यातील नाजूक रेणूंची रचना विस्कटते. म्हणून नमुना आधी गोठवून, भोवतीचा दाब उतरवून, त्यातील बर्फ वितळू न देता थेट वाफेच्या रूपाने काढून घेण्याची जी पद्धत रूढ झाली, तिला शीतशुष्कन म्हणतात, आणि घनाची अशी थेट वाफ होण्याला संप्लवन म्हणतात. सुमारे ६.१ मिलिबारपेक्षा कमी दाबाखाली शुद्ध पाणी द्रवरूपात टिकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर ही सारी पद्धत उभी आहे. तिच्या इतिहासात निर्वात पंपाचे कौतुक फार झाले. खरी अडचण मात्र सुटलेली वाफ ठेवायची कुठे, ही होती. ०.१ मिलिबार दाबाला अवघ्या एका ग्रॅम बर्फाची वाफ दहा घनमीटरांहून अधिक जागा व्यापते आणि एवढा पसारा उपसत बसणे कोणत्याही लहान पंपाच्या आवाक्यातले नाही.

या अडचणीवरचा उपाय तत्त्वरूपाने फार आधीच दिसला होता. विल्यम हाइड वोलॅस्टन यांनी १८१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक उपकरण मांडले होते. त्यात नळीने जोडलेल्या दोन काचगोलांपैकी रिकामा गोल थंड केला, की दुसऱ्यातील पाण्याची वाफ त्याच्याकडे ओढली जाऊन मागे उरलेले पाणी गोठत असे. थंड पृष्ठभाग वाफ ओढून घेतो, हे त्यातून उघड झाले होते. तरी प्रयोगशाळांच्या रोजच्या सवयीत ही कल्पना उतरायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. लाइपझिगमध्ये रिचर्ड आल्टमान यांनी १८९०च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या ऊती गोठवून निर्वातात वाळवल्या, पण ती पद्धत मोजक्या अभ्यासकांपुरतीच राहिली. अमेरिकेतील सेंट लुइस येथे एल. एफ. शॅकेल यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत वाफ शोषण्याचे काम तीव्र गंधकाम्लाकडे होते. आम्लाचा वरचा थर पाण्याने पातळ झाला की शोषण मंदावते, त्यामुळे असे भांडे मधूनमधून हलवावे लागते. नमुना मौल्यवान आणि त्याच्या शेजारी आम्ल, ही जोडी कोणालाही निर्धास्त राहू देणारी नव्हती.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील अर्ल फ्लॉसडॉर्फ आणि स्टुअर्ट मड यांनी १९३५ साली रक्तद्रवासाठी जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात आम्लाची जागा संघनकाने घेतली. संघनक म्हणजे शुष्क बर्फाने, अर्थात घनरूप कार्बन डायऑक्साइडने, थंड राखलेला सापळा, ज्याच्या भिंतीवर येणारी वाफ पुन्हा बर्फ होऊन चिकटते. शुष्क बर्फ सतत लागत असल्यामुळे खर्च वाढे, म्हणून त्याच दोघांनी १९३८ साली तापवून पुन्हा वापरता येणाऱ्या कॅल्शियम सल्फेटवर चालणारी दुसरी पद्धतही सुचवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरील जखमींसाठी वाळवलेल्या रक्तद्रवाची एक बाटली आणि ऊर्ध्वपातित पाण्याची दुसरी बाटली अशी जोडी पाठवली जाऊ लागली, आणि त्या प्रचंड गरजेपोटी ही पद्धत कारखान्यात शिरली.

युद्धानंतर तिचा सर्वांत दूरगामी उपयोग लसीत झाला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील लेस्ली कॉलिअर यांनी १९५०च्या दशकात पेप्टोन मिसळून वाळवलेली देवीची लस उष्ण हवामानातही टिकते, हे दाखवून दिले. भारतात १९६२ साली सुरू झालेल्या देवी निर्मूलन मोहिमेत द्रवरूप लस उन्हाळ्यात निकामी होण्याची धास्ती मोठी होती. सोव्हिएत संघाने दिलेल्या आणि पुढे बेळगाव, गिंडी यांसारख्या ठिकाणी तयार झालेल्या शुष्क लसीने ती बरीचशी दूर केली.

यंत्र टेबलावर मावू लागले ते शीतकपाटासारखा बंद प्रशीतक संघनकाला जोडला गेल्यावर. अशा यंत्रात गोल बुडाचा चंबू शुष्क बर्फ व अल्कोहोलच्या थंड मिश्रणात तिरपा धरून फिरवतात, म्हणजे द्रावण तळाशी गोळा न होता आतल्या भिंतीवर पातळ थराने गोठते आणि बर्फाला मोठा पृष्ठभाग मिळतो. मग तो चंबू रबरी झडपेवर बसवून झडप हळूहळू उघडतात, कारण दाब एकाएकी उतरल्यास सुटी भुकटी वाफेबरोबर उडून जाते. पाण्याच्या नमुन्यांना उणे ५० अंशांचा संघनक पुरतो. पेप्टाइडांच्या शुद्धीकरणातून आलेल्या द्रावणात ॲसिटोनायट्राइल असले, तर उणे ८० अंशांच्या आसपास जावे लागते, नाहीतर ते पंपाच्या तेलात जाऊन बसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहातही जिवाणूंचे वाण याच रीतीने वाळवून काचेच्या बंद कुपीत जपले जातात.

या यंत्रांची क्षमता आजही पंपाच्या जोरावरून नव्हे, तर संघनक किती लिटर पाण्याचा बर्फ धरू शकतो यावरून सांगितली जाते.