जमिनीवर पडण्याची विद्या

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील होल्योक गावी झाला, तो दमछाक टाळण्यासाठी. बास्केटबॉलची धावपळ ज्यांना झेपत नाही अशा प्रौढ व्यापाऱ्यांसाठी विल्यम मॉर्गन या व्यायामशिक्षकाने तो काढला. अशा विरंगुळ्याच्या खेळापायी पुढे माणसांनी मध्यरात्रीपर्यंत घाम गाळावा, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची!

ओसाकाजवळ काइझुका येथे निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. तेथील मुलींच्या संघाचे शिक्षक हिरोबुमी दायमात्सु. दुसऱ्या महायुद्धात इंफाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेला हा सैनिक. १९६० च्या जागतिक स्पर्धेत रशियाने जपानी मुलींना मागे टाकले. रशियन मुली उंच, त्यांचे तडाखे जबर. आणि उंची काही शिकवून वाढत नाही. तेव्हा चेंडू जमिनीला लागूच द्यावयाचा नाही, एवढीच वाट दायमात्सुंना उरली.

परंतु चेंडूसाठी अंग झोकून देणारा खेळाडू आडवा होतो, आणि तो उठेपर्यंत संघात सहाऐवजी पाचच जण उरतात. शिवाय एकदा आपटलेले अंग दुसऱ्या वेळी आपोआप कचरते. दायमात्सुंनी युक्ती काढली ती अशी : झेप घ्यावयाची, चेंडू उचलावयाचा, आणि त्याच वेगाने खांद्यावरून व पाठीवरून गोल लोळण घेऊन पुन्हा पायांवर उभे राहावयाचे. धक्का एका हाडावर न बसता साऱ्या अंगावर वाटला जातो, आणि पडण्याचा वेगच उठण्याच्या कामी येतो. आपल्या आखाड्यात पडणाऱ्याला निदान हौद्यातील माती तरी मऊ मिळते. येथे खाली टणक जमीन होती. दायमात्सु डावीउजवीकडे चेंडूमागून चेंडू फेकीत आणि मुली लोळत, उठत, पुन्हा लोळत. दिवसा गिरणीच्या कचेरीत काम, आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत, कधी त्याहूनही उशिरापर्यंत, हा सराव. दुखापत झाली तरी सुटका नसे. याला शिक्षण म्हणावे की छळ? मला स्वतःला त्या तासांचे कौतुक वाटत नाही. लोळणीचे मात्र वाटते.

१९६२ साली मॉस्को येथे या मुलींनी रशियाला हरवून जगज्जेतेपद मिळविले. खरे तर तेथेच थांबण्याचा त्यांचा विचार होता. कप्तान मासाए कासाई तिशीच्या उंबरठ्यावर होती, आणि त्या काळच्या जपानात हे लग्नाचे वय उलटणेच होते. पण १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे व्हॉलीबॉल प्रथमच येणार होते. देशभरातून आग्रहाची पत्रे आली. मुली थांबल्या नाहीत. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी रशियाला १५-११, १५-८, १५-१३ असे सरळ हरविले. कासाई तेव्हा ३१ वर्षांची होती.

त्याच ऑलिंपिकमध्ये जपानी पुरुषांना कांस्यपदक मिळाले. नंतर त्यांचे शिक्षक झालेल्या यासुताका मात्सुदाइरांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी उंच मुले शोधली आणि त्यांना कसरतपटूंसारखे हातांवर चालावयास व कोलांट्या मारावयास लावले, कारण उंच शरीर सहसा आपल्याच लांबीला अडखळते. १९६८ साली रौप्यपदक आले. १९७२ साली म्यूनिकला उपांत्य सामन्यात बल्गेरियाने पहिले दोन डाव जिंकले. जपानने पुढचे तीनही घेतले, आणि अंतिम सामन्यात पूर्व जर्मनीला हरवून सुवर्णपदक मिळविले.